भंगारातली रायफल आणि ४७ लाखांची तलवार

आजच्या भागात सुरुवातीलाच एक आकडा सांगतो, तो लक्षात ठेवा : ४७ लाख १५ हजार रुपये. ही एका तलवारीची किंमत आहे, आणि ती तलवार आपल्या नागपूरची आहे.

२९ एप्रिल २०२५ ला लंडनमध्ये सोदबीज या लिलावघरात नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक, पहिले रघुजीराजे यांची तलवार विक्रीला आली. बातमी इकडे पोचली तेव्हा हातात फार वेळ नव्हता. राज्य सरकारने एका मध्यस्थामार्फत ती विकत घेतली. वाहतूक, विमा असं सगळं धरून खर्च झाला ४७.१५ लाख. १८ ऑगस्टला ती मुंबईत आली.

आता कट्ट्यावर बसलेला कोणीही विचारेल, "भाऊ, ज्या तलवारीने आता कोणी लढणार नाही, तिला एवढे पैसे?" प्रश्न बरोबर आहे. आणि हाच प्रश्न जगभर जुन्या लष्करी रायफलींबद्दलही विचारला जातो. सैन्याने "आता नको" म्हणून काढून टाकलेल्या रायफली, म्हणजे सरप्लस माल, एकेकाळी पेट्यांनी स्वस्तात विकला जायचा. आज त्याच रायफलींसाठी संग्राहक भरमसाट पैसे मोजतात. असं काय घडलं? तेच आज समजून घेऊ.

तुमच्यापैकी जे एनसीसीत होते, त्यांनी एक रायफल नक्की खांद्यावर घेतली असणार. थ्री-नॉट-थ्री. कवायतीसाठी दिली जाते ती, गोळी न चालणारी, जड, लाकडी. तिचं खरं नाव ली-एनफिल्ड. दोन्ही महायुद्धं तिने लढली. जगभरात अशा सुमारे १ कोटी ७० लाख रायफली बनल्या असं मानलं जातं. त्यातल्या कितीतरी आपल्याकडे, कोलकात्याजवळच्या इशापूरच्या कारखान्यात तयार झाल्या. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथेच तिचं एक नवं रूप बनलं, ७.६२ मिलिमीटरची गोळी घेणारं, टू-ए आणि टू-ए-वन नावाचं. पुढे आपल्या सैन्याने ती काढली आणि बराच माल अमेरिकेच्या बाजारात गेला. तिथे ती एकेकाळी शंभर डॉलरच्या आत मिळायची. आज त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

का? कारणं एकेक करून बघू.

पहिलं कारण अगदी साधं : माल संपला. शीतयुद्ध संपल्यावर नव्वदच्या दशकात पूर्व युरोपातली लष्करी कोठारं रिकामी झाली. रशियन मोसिन-नागांत रायफली ग्रीसमध्ये माखलेल्या, पेटीबंद, अमेरिकेत पोचल्या. तेव्हा लोकांना वाटलं, हा झरा कधी आटणारच नाही. पण १९४५ सालची रायफल आता कोणी पुन्हा बनवणार नाही. त्यात पुढे रशियावर निर्बंध आले. शिवाय २००१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या कृती कार्यक्रमात देशांना सांगितलं गेलं की जास्तीची छोटी शस्त्रं विकण्यापेक्षा शक्यतो नष्टच करा. त्यामागचा हेतू चांगला होता, कारण अशी शस्त्रं फिरत फिरत टोळ्यांच्या हातात जातात. पण बाजारात त्याचा परिणाम एकच : येणारा माल कमी, घेणारे तेवढेच किंवा जास्त.

दुसरं कारण मजेदार आहे. जो माल आला, तो लोकांनीच बिघडवला. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यांनी स्वस्तात रायफल घेतली, त्यांना ती शिकारीसाठी हवी होती. मग पुढचं लाकूड कापलं, नळी आखूड केली, वरून चकचकीत पॉलिश मारलं. त्या वेळी हे सुधारणं वाटायचं. आज संग्राहकाला नेमकी न कापलेली, न घासलेली, युद्धातून आली तशीच्या तशी रायफल हवी असते. म्हणजे बनल्या कोट्यवधी, पण मूळ रूपात उरल्या थोड्या.

तिसरं कारण : नंबर. ली-एनफिल्डच्या मुख्य सांगाड्यावर, बोल्टवर, पुढच्या टोपीवर, लाकडावर एकच नंबर ठोकलेला असायचा. सगळे नंबर जुळले तर ती रायफल कारखान्यातून निघाली तेव्हापासून एकत्र राहिली. बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा निघाला, की भाव कोसळला. याच घराण्यातली स्नायपर रायफल घ्या, नंबर चार टी. इंग्लंडच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने अशा सुमारे २३ हजार तयार केल्या. मूळ दुर्बीण आणि मूळ नंबर असलेली मिळाली तर कित्येक हजार डॉलर. १ कोटी ७० लाखांसमोर २३ हजार. गणित तुम्हीच करा.

चौथं कारण म्हणजे नकली माल. पाकिस्तानातल्या दर्रा आदमखेल या गावात पिढ्यान्‌पिढ्या हाताने बंदुका बनतात. इंग्रजी रायफलीची हुबेहूब नक्कल, त्यावर राणीचा मुकुटसुद्धा! पण इंग्रजी न येणारा कारागीर कधी एखादं अक्षर उलटं कोरायचा. अफगाणिस्तानात गेलेल्या परदेशी सैनिकांनी अशा कितीतरी "अँटिक" बंदुका हौसेने घरी नेल्या. त्यामुळे बाजारात खऱ्याला जास्त भाव येतो, कारण खरं सिद्ध करणं अवघड असतं.

आणि पाचवं कारण, माझ्या मते सगळ्यात मोठं : गोष्ट. रायफलीच्या अंगावर तिचा इतिहास लिहिलेला असतो, फक्त वाचता यायला हवा. आपल्याच इतिहासातली दोन उदाहरणं देतो.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांचा देशी शिपायावरचा विश्वास उडाला. मग त्यांनी काय केलं? गोऱ्या सैनिकाला एनफिल्ड रायफल, जिच्या नळीत वळणदार खाचा असतात आणि त्यामुळे गोळी लांब, सरळ जाते. देशी शिपायाला बाहेरून तशीच दिसणारी बंदूक, पण नळी आतून गुळगुळीत. नेम कमी, पल्ला कमी. दोघे शेजारी उभे, हातात सारखंच शस्त्र, असं दिसायचं फक्त. खरा फरक नळीच्या आत होता.

पुढे इशापूरमध्येही असंच झालं. थ्री-नॉट-थ्रीची नळी पोखरून, गुळगुळीत करून चारशे दहाची मस्केट बनवली. एका वेळी एकच गोळी. पोलिसांसाठी, तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी. विचार असा की कोणी ती हिसकावून नेली तरी लष्कराच्या गोळ्या तिच्यात चालू नयेत. राज्य चालवणाऱ्याला आपल्याच माणसाची किती भीती वाटत होती, ते त्या गुळगुळीत नळीत बोट घातलं तरी कळतं. संग्राहक पैसे मोजतो ते याच्यासाठी.

आता परत आपल्या तलवारीकडे या. हीच पाच कारणं तिला लावून बघा. तिचं पातं युरोपात बनलेलं, सरळ, एकधारी. अशा पात्याला मराठे फिरंग म्हणायचे. मूठ मराठा धाटणीची, सोन्याच्या नक्षीची. अशी युरोपीय पाती त्या काळात भारतात खूप यायची, म्हणजे नुसत्या पात्यात काही अप्रूप नाही. पण या पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने नाव आहे : रघोजी भोसले. पुढे त्यांचा किताब, सेनासाहेबसुभा, जो छत्रपती शाहू महाराजांनी दिला होता. रघुजीराजांनी बंगालपर्यंत मोहिमा काढल्या, १७५१ मध्ये ओडिशा मराठ्यांकडे आला, तो त्यांच्याच जोरावर. रायफलीला नंबर असतो, तसं या तलवारीला नाव आहे. ते नाव नसतं तर ती लिलावातली आणखी एक जुनी तलवार ठरली असती. टिपू सुलतानच्या शयनगृहात मिळालेली तलवार २०२३ मध्ये लंडनच्याच बोनहॅम्समध्ये १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. तिथेही मोल नावाचं आणि सोबतच्या पुराव्याचं.

मग ही तलवार लंडनला गेली कशी? जाणकारांचा अंदाज आहे की १८१७ ची सीताबर्डीची लढाई झाली, भोसले हरले, त्या लुटीत ती गेली असावी. पण नागपूरची संपत्ती बाहेर जाण्याची ती शेवटची वेळ नव्हती. १८५३ च्या डिसेंबरमध्ये तिसरे रघुजी वारसाशिवाय वारले. डलहौसीने संस्थान खालसा केलं. त्यानंतर राजवाड्यातले हत्ती, घोडे, सामान इथेच लिलावात निघालं आणि जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं गेलं. राण्यांचा विरोध कोणी जुमानला नाही. म्हणजे मंडळी, नागपूरला लिलाव नवा नाही. पहिल्या वेळी आपलं विकलं गेलं, दुसऱ्या वेळी आपण परत विकत घेतलं. मधे पावणेदोनशे वर्षं गेली.

म्हणून मला आजच्या रायफलींचं वाटतं. भारतात थ्री-नॉट-थ्री सामान्य माणसाला ठेवता येत नाही, ती प्रतिबंधित बोअरमध्ये येते. म्हणून तर इशापूरने लायसन्सवाल्यांसाठी वेगळी तीनशे पंधराची रायफल काढली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुकांची परवानगी आहे. तेव्हा अमेरिकेसारखा संग्राहकांचा बाजार इथे नाही, आणि तो असावा असं मी म्हणतही नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला सीएसटी स्टेशनवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात लाठ्या आणि थ्री-नॉट-थ्री होत्या. संग्राहकासाठी जुनं शस्त्र ठेवा असतं, ड्युटीवरच्या शिपायासाठी ते जिवावर बेतणारं असतं. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला, तो योग्यच होता. उशीर झाला एवढंच.

पण निरोप देणं वेगळं आणि सरसकट वितळवणं वेगळं. हजारातली एखादी रायफल, कायमची निकामी करून, तिचा नंबर, कारखाना, साल, ती कोणत्या ठाण्यात किती वर्षं होती याची नोंद करून संग्रहालयात ठेवायला काय हरकत आहे? आपल्याकडे १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला, तिथे शस्त्रांचं दालनही आहे. त्या दालनात एक चारशे दहाची मस्केट असेल आणि शेजारी तिची गोष्ट लिहिलेली असेल, तर शाळेतल्या पोरांना गुलामी म्हणजे काय हे एका नळीत दिसेल. वस्तूपेक्षा नोंद महत्त्वाची. नोंद नसली की ते लोखंड.

जाता जाता एक कामाचं सांगतो. गावाकडच्या वाड्यात, माळ्यावर जुनी तलवार, कट्यार असेल तर ब्रासो लावून चमकवू नका. गंज घासताना कोरलेली अक्षरंही जातात. आधी फोटो काढा, आजी-आजोबांना विचारा की कोणाची, कुठून आली, आणि ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते, परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि बंदूक निघाली तर तिला हात न लावता आधी पोलीस ठाण्याला कळवा, रील नंतर.

आजोबांचं ते रेकॉर्डिंग मात्र याच रविवारी करा. तलवार लंडनहून परत आणता येते, आजोबांच्या डोक्यातली माहिती कुठल्याच लिलावात मिळत नाही. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!