परीखाना, तंबोरा आणि भाच्याची डबी

लखनऊच्या कैसरबागेत वाजिद अली शाहच्या परीखान्यात आज भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. माझं शिक्षण तिथलं, आणि पोटापाण्यासाठी गाणं शिकवते तेही याच गावात. 1926मध्ये वाळकेश्वरच्या विष्णु नारायण भातखंडे या वकिलाने राय उमानाथ बली आणि राय राजेश्वर बली यांना हाताशी धरून हे कॉलेज काढलं आणि गव्हर्नर विल्यम मॅरिस यांचं नाव त्याला दिलं. 1966मध्ये ते नाव बदललं, तरी जुनी मंडळी अजून मॅरिस कॉलेजच म्हणतात.

भातखंड्यांनी घराण्यांच्या बंदिशी नोटेशनमध्ये उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’त छापल्या. राग कागदावर उतरत नाही, मींड लिहिता येत नाही, असा आक्षेप तेव्हापासून आहे. तो खोटा नाही. पण ज्याच्या गावात उस्ताद नव्हता, त्याच्या घरात निदान बंदिशीचा सांगाडा तरी पोचला.

तोच आक्षेप हल्ली आमच्या फ्लॅटमध्ये माझ्या भाच्याच्या डबीवर घेतला जातो, आणि घेणारी बहुतेक वेळा मीच असते. ही डबी म्हणजे गिटारचा डिजिटल ॲम्प मॉडेलर. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचा तो फाटका, भरलेला आवाज येण्यासाठी ॲम्प जोरात लावावा लागतो. व्हॉल्व्हवर ताण आला, की मगच सूर फुटतो. फ्लॅटमध्ये तसं केलं तर आधी खालचे शर्माजी फुटतील. म्हणून ही डबी तो ताण गणिताने काढते आणि हेडफोनमध्ये सोडते. अमेरिकेत टॉम शोल्झ यांचा कमरेला अडकवायचा ‘रॉकमन’ 1982मध्येच आला होता. त्यात मात्र नुसतं सर्किट होतं. 1998मध्ये लाईन सिक्स कंपनीने राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल ‘पॉड’ काढला आणि डझनावारी ॲम्प्सचे आवाज टेबलावर आले. 2011च्या ‘केम्पर’ या यंत्राने पुढची पायरी गाठली: खऱ्या ॲम्पमधून ठरावीक आवाज पाठवायचे, समोर माइक ठेवायचा, आणि तो ॲम्प कसा वागतो ते टिपून घ्यायचं.

हे ऐकून मी नाक मुरडलं खरं, पण माझ्या रियाजाच्या खोलीत काय असतं? इलेक्ट्रॉनिक तंबोरा. बासरी वाजवणाऱ्या जी. राज नारायण या बंगळूरच्या इंजिनिअरने 1979मध्ये तो तयार केला. सुरुवातीच्या यंत्रांत सर्किटातून घडवलेला आवाज असे. पुढच्या पिढीत खऱ्या तंबोऱ्याचे ध्वनिमुद्रित आवाज साठवले गेले. आता तर फोनमध्येही तंबोरा आहे. गिटारवाल्यांच्या आधी आम्हीच नकलेला घरात घेतलं होतं.

घेण्याला कारणंही सोयीचीच होती. माझा मिरजेचा तंबोरा (मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) लखनऊच्या हवेला कधी रुळलाच नाही. जूनमध्ये लू सुटली की लाकूड आकसतं आणि खुंट्या घसरतात. श्रावणात त्याच खुंट्या फुगून वळेनाशा होतात. पंचम लावावा, जोडाकडे वळावं, तोवर पंचम उतरलेला. मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत बसायचं. मध्येच एका जागी तार एकदम उजळते, आतले स्वर उमलायला लागतात. ती जवारी. दोरा जरा पुढे गेला तर तार खरखरते, मागे राहिला तर मुकी होते. यंत्रात यासाठी फार तर एक बटण असतं.

पूर्वी हे शिकण्यासाठी वेगळा तास नव्हता. 1928पासून श्रीकृष्ण नारायण रातंजनकर मॅरिस कॉलेजात प्राचार्य होते. बैलहोंगलचे के. जी. गिंडे अकरा वर्षांचे असताना बेळगाव मुलूख सोडून लखनऊला आले आणि रातंजनकरांच्याच घरी राहून शिकले. गुरूच्या घरात राहणाऱ्या मुलाच्या कानावर दिवसभर स्वर लागताना पडतो, आणि लागण्याआधीचा बेसूरही पडतो. माझ्या विद्यार्थिनी फोन काढतात, काळी पाच निवडतात आणि लगेच आलाप सुरू. त्यांचा तंबोरा कधी उतरतच नाही, त्यामुळे उतरलेला कसा ओळखायचा हे त्यांना माहीत नसतं. गायला त्या माझ्या वेळच्या मुलींपेक्षा वाईट नाहीत, उलट रियाज जास्त होतो. पण लाकडी तंबोरा मांडीवर दिला की खुंटीला हात लावायला घाबरतात. म्हणून पहिले काही महिने मी यंत्र बंद ठेवते. पालकांना ते आवडत नाही. फी गाण्याची भरली, तार पिळायची नाही, असं एकीने तोंडावर सांगितलं.

नकली सुरांवर बंदी घालणं हा उपाय मात्र मला पटत नाही. आकाशवाणीने 1940मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं. 1938मध्ये सुरू झालेल्या लखनऊ केंद्रालाही ते लागू होतं. 1971मध्ये ते दार थोडं किलकिलं केलं. मधल्या तीन दशकांत घरोघरी पेटी वाजतच होती.

भाच्याने त्याच्या डबीतल्या डझनभर ॲम्पपैकी एकही प्रत्यक्ष पाहिलेला नाही. गेल्या दिवाळीत त्याने माझ्या इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याची वायर त्या डबीत खोचली आणि एका ब्रिटिश ॲम्पची नक्कल लावली. नकलेची नक्कल. खर्ज भिंतीला भिडला. “मावशी, जवारी वाढली बघ!” म्हणाला. वाढली होती. मी त्याला पंचम जरा चढा आहे म्हणून सांगितलं, तर तो बटण शोधायला लागला.