बेगमीच्या चकत्या

मंचरला आमच्या घरावर स्लॅबची गच्ची होती आणि शेजारच्या घरांवर पत्रे. त्यामुळे चैत्र लागला की गल्लीतल्या बायका किसण्या घेऊन आमच्याकडे येत. पोतंभर बटाटे सोलायचे, चकत्या तुरटीच्या पाण्यात टाकायच्या, मिठाच्या पाण्यात अर्ध्याकच्च्या शिजवायच्या आणि ऊन चढायच्या आत जुन्या धोतरांवर एकेक सुटी पसरायची. शेजारच्या काकूंच्या पातेल्यात सैंधव, आमच्यात साधं मीठ. कावळे हाकायचं काम आम्हा पोरांचं. दोन उन्हं खाल्ली की चकती बोटात कट्‌कन मोडायची. मग ती डब्यात जायची. काकूंच्या एकादशीला आणि आमच्या रमजानला, तेलात ती सारखीच फुलायची.

याला बेगमी म्हणत. शब्द फारसीतून आला आहे. बे-ग़म, म्हणजे ज्याला चिंता नाही तो. डबा भरलेला असला की पावसाळ्याची चिंता नाही. मराठीनं हा शब्द असा मुरवून घेतला, की तो परका होता हेही कुणाला आठवत नाही.

बटाट्याचंही तसंच झालं. जुन्नरच्या नाणेघाटातून सातवाहनांच्या काळात माल कोकणात उतरत होता, तेव्हा बटाटा समुद्रापलीकडेच होता. तो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा. पोर्तुगीजांमुळे आपल्याला त्याचं नाव मिळालं आणि गंमत म्हणजे ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचा! आज आंबेगावच्या सातगाव पठारावर पावसाळी बटाटा हे मुख्य पीक आहे. तो दसऱ्याच्या आसपास निघतो. गच्चीवरच्या चकत्यांना मात्र रब्बीचा बटाटा लागे.

बटाट्यातलं पाणी काढून तो टिकवायचा, ही युक्ती अँडीजमधल्या लोकांनी आपल्या कितीतरी आधी काढली. रात्रीच्या हिमात बटाटे गोठवायचे, दिवसा पायांनी तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. त्याला ते चुन्यो म्हणतात. तेलात तळलेली पातळ चकती ही पुढची गोष्ट. अमेरिकेत साराटोगा गावच्या आचाऱ्यानं १८५३ साली ती रागाच्या भरात शोधली, अशी कथा सांगतात. पण इंग्लंडच्या विल्यम किचनर यांच्या १८१७ सालच्या पाकपुस्तकात ती कृती आधीच छापलेली आहे. कथा चांगली असली की कागद कोण तपासतो?

आमच्या घरातली कथा अशी, की अम्माच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि तळण बंद झालं. तिनं कुरकूर केली नाही. फक्त डब्यातल्या वाळलेल्या चकत्या ती तशाच, कोरड्या, दाढेखाली धरायची. ते बघवेना. मग सुनेनं मायक्रोवेव्हमध्ये प्रयोग सुरू केले.

हे यंत्र रडारच्या पोटचं. १९४५ साली पर्सी स्पेन्सर हे अमेरिकन अभियंते रडारच्या नळीजवळ उभे असताना त्यांच्या खिशातलं चॉकलेट विरघळलं, तिथून त्याची सुरुवात सांगतात. त्यातल्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटरच्या. त्या पदार्थातल्या पाण्याला हलवून तापवतात आणि त्याची वाफ होते. चकतीत पाणी आहे तोवर ती फारशी जळत नाही. पाणी संपलं की मात्र मधोमध एकदम काळी पडते. म्हणून चकत्या कागदासारख्या पातळ हव्यात, पाण्यातून दोनदा काढून पिठूळपणा घालवलेल्या, फडक्यानं टिपलेल्या आणि तबकडीवर एकमेकींना न चिकटणाऱ्या. दोन-तीन मिनिटांनी उलटायच्या आणि पुढं समोरून हलायचं नाही. कच्चं केळं, बीट, गाजर जमतं. सफरचंदाला मंद आच लागते. पिकलं केळं चिवटच राहतं. नारायणगावच्या टोमॅटोचा उद्योग मी स्वतः केला. तबकडीवर सार झालं.

आमच्याजवळच, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांनी ती इथं उभारली, कारण इथं रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता. तिचं काम मीटरभर आणि त्याच्या आसपासच्या लहरींवर चालतं, आमच्या भट्टीच्या लहरी त्याहून आखूड. तरी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला वर्षानुवर्षं येणारा एक गूढ संकेत २०१५ साली उलगडला, तेव्हा कळलं, की तिथलेच कुणीतरी वेळ संपण्याआधी मायक्रोवेव्हचं दार उघडत होते! तेव्हापासून मी दार घाईनं उघडत नाही. खोडदला त्यानं काही फरक पडत नसेल, पण चकत्यांना पडतो.

पहिला जमलेला घाणा अम्मानं हातात घेऊन कानाशी मोडला. आवाज पटला. चारेक खाल्ल्या आणि म्हणाली, “बाकीच्या डब्यात भर.” मी म्हटलं, या लगेच खायच्या असतात. तिला ते काही पटलं नाही. तिनं डबा मागवून घेतला. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर चकत्या मऊ पडल्या होत्या. तिनं धोतराचं जुनं पान शोधायला सांगितलं आणि त्या गच्चीवर उन्हात पसरायला लावल्या.