तासगांव : राज्य गेलेली राजधानी

राजधानी हा शब्द उच्चारला म्हणजे डोळ्यांपुढें सामान्यतः मोठें नगर उभें राहतें. रुंद राजमार्ग, भव्य प्रासाद, दरबार, कचेऱ्या आणि त्यांच्या भोंवतीं नांदणारी गजबज, असें तें चित्र असतें. परंतु इतिहासांत होऊन गेलेल्या राजधान्यांपैकीं पुष्कळशा मध्यम आकाराच्या, साध्यासुध्या वसाहती होत्या. त्यांचें मोठेपण वस्तीच्या संख्येंत नव्हतें. तेथून कोणत्या हालचालींचीं सूत्रें हालत यांत तें होतें. दक्षिण महाराष्ट्रांत, सांगलीच्या उत्तरेस पंधरासोळा मैलांवर वसलेलें तासगांव ही अशीच एक राजधानी. आज तें सांगली जिल्ह्यांतील एका तालुक्याचें ठिकाण आहे. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गांवांतून निघालेली आज्ञा तुंगभद्रेच्या पलीकडे पाळली जात होती.

तासगांवच्या भाग्योदयाची कथा पटवर्धन घराण्याच्या उदयाशीं निगडित आहे. या घराण्याचे मूळ पुरुष हरिभट पटवर्धन हे कोंकणांतील कोतवड्याचे. गणपतीचे ते निस्सीम उपासक होते. पुढें ते इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय झाले. इचलकरंजीकरांचा पेशव्यांशीं शरीरसंबंध होता व त्यामुळें भटजींच्या मुलांना पुण्याच्या दरबाराची वाट मोकळी झाली. वडिलांची पळीपंचपात्री बाजूस ठेवून मुलांनीं तरवार हातीं घेतली. पानिपतच्या घोर संहारानंतर थोरल्या माधवराव पेशव्यांस विश्वासू व कर्तबगार माणसांची निकड होती. एका बाजूस हैदरअल्लीची सत्ता वाढत होती, दुसऱ्या बाजूस निजाम होता आणि जवळच कोल्हापूरचें राज्य पुण्याशीं फटकून वागत होतें. या तिन्ही आघाड्यांच्या मध्यें पेशव्यांनीं पटवर्धनांस सरंजाम देऊन बसविलें. गोविंद हरींच्या शाखेकडे मिरज आली, त्र्यंबक हरींच्या शाखेकडे कुरुंदवाड आणि रामचंद्र हरींचे पुत्र परशुराम यांजकडे तासगांव. हेच इतिहासांत परशुरामभाऊ म्हणून प्रसिद्धीस आले.

या राजधानीचें स्वरूप नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठीं दिलेला मुलूख. मुलखाचा वसूल यावा, त्यावर स्वार पोसावे आणि पेशव्यांची आज्ञा येतांच ते घेऊन निघावें, हा त्यांतील करार. म्हणून तासगांव ही राजवैभवाची राजधानी नव्हती, ती लष्करी बिऱ्हाडाची राजधानी होती. दसऱ्यास सीमोल्लंघन करून भाऊ निघत आणि त्यांच्या मागें वाड्यांत उरत त्या बायका, मुलें, कारकून आणि जासुदांची वाट पाहणारीं माणसें. मोहिमेवरून घरीं आणि घरून मोहिमेवर पत्रांची अखंड ये-जा चाले. पटवर्धनांच्या दप्तरांतील हीं पत्रें मिरजेचे शिक्षक व इतिहाससंशोधक वासुदेवशास्त्री खरे यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या मालेंत एकामागून एक खंडांनीं प्रसिद्ध केलीं. दक्षिणेतील मराठ्यांच्या राजकारणाचें आजचें पुष्कळसें ज्ञान या कागदांवर उभें आहे.

भाऊंची कारकीर्द म्हणजे जवळ जवळ अखंड स्वारी. इ. स. १७७७ च्या आरंभीं सावशीच्या लढाईंत हैदरच्या फौजेनें पटवर्धनांचा मोड केला. कोन्हेरराव पडले, पांडुरंगराव कैद झाले व पुढें कैदेंतच वारले. त्यानंतर घराण्याच्या फौजेचा भार भाऊंच्या शिरावर आला. इ. स. १७८१ मध्यें इंग्रज सेनापति गॉडर्ड बोरघाटांतून मागें हटत असतां त्यास जेरीस आणणाऱ्या सरदारांत ते प्रमुख होते. दहा वर्षांनीं तेच इंग्रज टिपूविरुद्धच्या युद्धांत मराठ्यांचे दोस्त झाले. भाऊंनीं धारवाडचा वेढा महिनोगणती चालवून एप्रिल १७९१ मध्यें तो किल्ला घेतला आणि हरिपंत फडक्यांसह ते श्रीरंगपट्टणाकडे वळले. कॉर्नवॉलिसची सेना त्या वेळीं उपासमारीनें अर्धमेली होऊन माघार घेत होती. मे अखेरीस मेलकोट्याजवळ मराठ्यांच्या फौजा येऊन मिळाल्या व त्यांच्या बाजारांतील धान्यावर इंग्रज लष्कर तगलें. या बाजाराची समृद्धि पाहून इंग्रज अधिकारी थक्क झाले. पुढें इ. स. १७९५ मध्यें खर्ड्याच्या लढाईंत निजामाचा पराभव झाला, तेव्हां मराठ्यांच्या एकवटलेल्या सैन्याचें सेनापतित्व भाऊंकडे होतें.

या उजळ चित्रास एक काळा डाग आहे व तो झांकणें इतिहासास शोभणार नाहीं. इ. स. १७९१ च्या त्याच मोहिमेंत भाऊंच्या लष्कराबरोबर असलेल्या पेंढाऱ्यांनीं व लमाणांनीं शृंगेरीचा मठ लुटला. माणसें मारलीं गेलीं, शारदेची मूर्ति स्थानभ्रष्ट झाली आणि स्वामींना मठ सोडून कारकळास जावें लागलें. मठाच्या पुनःप्रतिष्ठेसाठीं द्रव्य पाठविलें तें टिपूनें. त्याचीं कानडी पत्रें विसाव्या शतकाच्या आरंभीं उजेडांत आलीं. ज्या सेनानीच्या घरीं कुलदैवताची उपासना इतकी जागती, त्याच्याच छत्राखालीं हा प्रकार घडावा हें त्या काळच्या लष्करी पद्धतीचें भयंकर फळ होय. लुटीवर पोसलेलीं माणसें लष्करामागें चालूं दिलीं, म्हणजे देऊळ कोणाचें हें तीं पाहत नाहींत.

देवळाचा विचार याच मोहिमांच्या ओघांत आला. तासगांवांत शिरणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीस प्रथम पडतें तें गणपतीच्या देवळाचें गोपुर. सात मजल्यांचें, सुमारें ९६ फूट उंचीचें हें गोपुर महाराष्ट्राच्या भूमींत उठून दिसतें. कारण असलीं गोपुरें तामीळ व कर्नाटक देशांतलीं. भाऊंनीं दक्षिणेंत जें पाहिलें तें आपल्या गांवीं आणलें. देवळाचें काम इ. स. १७७९ मध्यें आरंभिलें गेलें आणि तें पुरें व्हावयास वीस वर्षें लागलीं. भाऊंना तें पूर्णत्वास गेलेलें पाहण्याचें भाग्य लाभलें नाहीं. देवाची प्रतिष्ठा त्यांच्या पश्चात् त्यांच्या पुत्राच्या हातून झाली. कोंकणांतील एका भिक्षुकाचें उपास्य दैवत, देशावरील सरंजामी राजधानी आणि द्रविड देशाचें शिल्प हीं तिन्ही या एका वास्तूंत एकत्र आलीं.

भाऊंचे शेवटचे दिवस मात्र फार कष्टाचे गेले. सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर गादीच्या वारसासंबंधीं जीं कारस्थानें झालीं, त्यांत ते सांपडले व कैदेंत पडले. धनी अडकला आहे हें पाहून कोल्हापूरकरांच्या फौजेनें जुन्या वैराचा सूड उगविला. पटवर्धनांचा मुलूख लुटला गेला, तासगांवांत आग घुसली व भाऊंचा वाडा जळाला. सुटका होतांच भाऊ कोल्हापूरवर चालून गेले. सप्टेंबर १७९९ मध्यें पट्टणकुडीच्या रणांत त्यांचा देह पडला. ज्यानें हैदर, टिपू, इंग्रज व निजाम यांच्याशीं झुंज दिली, तो अखेर घराशेजारच्या मराठ्यांशीं लढतां लढतां गेला. पेशवाईच्या अखेरच्या काळाचें मर्म या एका घटनेंत दिसून येतें.

यानंतर राजधानीची कळा उतरूं लागली. भाऊंच्या वंशांत वांटणी होऊन रामचंद्रराव आप्पा जमखंडीस गेले आणि तासगांव दुसऱ्या पातीकडे राहिलें. मिरजेच्या घराण्यांतील चिंतामणराव आप्पांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सांगली वसविली व ती झपाट्यानें वाढली. इ. स. १८१२ मध्यें एल्फिन्स्टनच्या मध्यस्थीनें पेशवे व दक्षिणेतील जहागीरदार यांच्यांत पंढरपुरास तह झाला. पेशवाई बुडाल्यावर पटवर्धनांनीं इंग्रजांशीं स्वतंत्र करार केले. मुलूख राहिला, परंतु ज्या युद्धांसाठीं ही राजधानी जन्मास आली होती तीं युद्धेंच संपलीं. शेवटीं इ. स. १८४८ मध्यें पुरुषवारसाच्या अभावीं तासगांवची जहागीर इंग्रज सरकारानें खालसा केली. त्याच वर्षीं साताऱ्याचे छत्रपति आप्पासाहेब निवर्तले व त्यांच्या दत्तकविधानासही मान्यता मिळाली नाहीं. तासगांवचा वाडा कोल्हापूरकरांनीं जाळला, तेव्हांही तें राजधानी राहिलें होतें. घरांत पाळणा हालला नाहीं, तेव्हां मात्र तें राजधानी उरलें नाहीं.

येथें दूरच्या एका मध्यम नगराची आठवण उद्बोधक ठरेल. अमेरिकेच्या दक्षिण भागांत दक्षिण कॅरोलायना नांवाचें राज्य आहे. त्याची राजधानी पूर्वीं समुद्रकांठीं चार्ल्सटन येथें होती. ती राज्याच्या मध्यावर असावी म्हणून तेथील विधिमंडळानें इ. स. १७८६ मध्यें कोलंबिया हें नवें नगर वसविण्याचें ठरविलें. गुलामगिरीच्या रक्षणासाठीं संघराज्यांतून प्रथम फुटलें तें हेंच राज्य. त्या यादवी युद्धाच्या अखेरीस, १७ फेब्रुवारी १८६५ रोजीं, जनरल शर्मनच्या सेनेनें कोलंबिया घेतली व त्या रात्रीं नगराचा मोठा भाग भस्मसात् झाला. अर्धवट बांधलेल्या राज्यगृहाच्या भिंतीवर तोफगोळ्यांचे घाव पडले. ते जेथें पडले तेथें पुढें ब्राँझचे तारे बसविण्यांत आले. परंतु कोलंबिया आजही राजधानी आहे. तिचें राजधानीपण कोणा एका कुळाच्या वंशवेलीवर लटकलेलें नव्हतें, तें कायद्यानें ठरलेलें होतें. तासगांवचें राजधानीपण ही एका घराण्याची मिळकत होती. मिळकतीला वारस लागतो आणि वारस नसला कीं ती सरकारजमा होते. दोन्ही नगरें जळालीं, दोन्ही पुन्हां उभीं राहिलीं. भेद पडला तो या मुळाशीं.

राजधानी गेली तरी गांव मागें राहतें. तासगांव सातारा जिल्ह्यांतील तालुक्याचें ठाणें झालें. जेथें जहागीरदाराचा हुकूम चाले तेथें मामलेदाराचा चालूं लागला. परंतु ३ सप्टेंबर १९४२ रोजीं भोंवतालच्या खेड्यांतून निघालेला हजारों लोकांचा निःशस्त्र मोर्चा तासगांवच्या कचेरीवर आला. कचेरीवर तिरंगा चढला आणि मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी आली. पुढच्याच आठवड्यांत वडूज व इस्लामपूर येथील मोर्च्यांवर गोळ्या झडल्या. त्या मानानें तासगांवचा दिवस शांततेंत पार पडला. जहागिरीच्या दिवसांत या गांवाचें भवितव्य घराण्याच्या वांटण्यांत व परकीयांच्या दप्तरांत ठरत होतें. त्या दिवशीं खेड्यांतील शेतकरी तें ठरविण्यासाठीं स्वतः चालून आले, हें या गांवाच्या इतिहासांतील मोठें अंतर होय. मार्च १९४८ मध्यें सांगली, जमखंडी आदि पटवर्धनी संस्थानें मुंबई राज्यांत विलीन झालीं. १ ऑगस्ट १९४९ रोजीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व इ. स. १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. तासगांवच्या पाठोपाठ शंभर वर्षांनीं त्याच्या भावंडांचेंही राजधानीपण संपलें.

नंतरच्या काळांत या अवर्षणी मुलखानें द्राक्षाचा वेल धरला. तासगांव तालुक्यांतील बोरगांवच्या एका शेतकऱ्यानें आपल्या बागेंतील बिनबियांच्या द्राक्षांतून निवडलेली जात ‘तास-ए-गणेश’ या नांवानें देशभर गेली. तासगांव आणि त्याचा गणपति या दोघांचेंही नांव तींत गुंफलेलें आहे. येथें द्राक्षें वाळवून बेदाणा होतो, त्याचे सौदे तासगांवच्या बाजारांत निघतात आणि सांगलीच्या बेदाण्यास इ. स. २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन लाभलें. ज्या गांवचे स्वार मेलकोट्यास धान्याचा बाजार घेऊन गेले होते, त्या गांवचा माल आज स्वारांवांचून त्याहून दूर जातो.

भाद्रपद शुद्ध पंचमीस तासगांवचा गणपति रथांतून निघतो आणि काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत, म्हणजे आपल्या पित्याच्या भेटीस जातो. रथास घोडे नाहींत, बैल नाहींत. जाड दोर आहेत आणि ते ओढणारे शेंकडों हात आहेत. गुलालानें रस्ते लाल होतात. दोर धरणाऱ्यास त्याचें कूळ, गांव वा मान कोणी विचारीत नाहीं. हा उत्सव सरंजामी वैभवांत जन्मला; सरंजाम जाऊन पावणेदोनशें वर्षें झालीं, तरी रथ थांबला नाहीं. राज्याला वारस मिळाला नाहीं. रथाला मात्र दरवर्षीं मिळतो.