पेन्शनर बोट

माणूस रिटायर झाला की जो तो विचारतो, "मग आता काय करणार?" मलाही विचारलं. घाबरून मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो. तेव्हापासून 'कॅटाला' या बोटीबद्दल मला सख्ख्या बहिणीसारखी माया वाटते.

बाई मूळची स्कॉटलंडची. 1925 साली माँट्रोझला बांधली आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला दिली. युनियन स्टीमशिप कंपनीची नोकरी. व्हँकूव्हरहून वर उत्तरेकडे लाकूडतोड्यांच्या छावण्या, मासे डबाबंद करायचे कारखाने. तिथे माणसं, टपाल, किराणा सगळं हिच्याच पाठीवर. बोट लागली की गाव धक्क्यावर! हे कोकणातल्या माणसाला काय सांगायचं? 1927 मध्ये एकदा खडकावर चढून बसली. पण पुन्हा सोडवली, दुरुस्त केली आणि कामावर रुजू झाली.

1950 च्या दशकाअखेर कंपनीने नारळ दिला. मग सुरू झाले म्हातारपणाचे उद्योग. 1962 च्या सिॲटलच्या जागतिक प्रदर्शनात बाई हॉटेल झाल्या. मग वॉशिंग्टन राज्यात ओशन शोअर्सला मासेमारीच्या शौकिनांची खानावळ-कम-लॉज. 1965 च्या एक जानेवारीला, जग नवे संकल्प करत असताना, वादळाने तिला वाळूत ढकललं आणि ती कुशीवर कलंडली ती कायमची.

लोक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. पितळ, लाकूड ज्याला जे सापडलं ते त्याने नेलं. पुढे एक मुलगी गंजलेल्या डेकमधून खाली पडली, जबर जखमी झाली. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मग सरकारने वरचा सांगाडा कापला, उरलेला वाळूत पुरला आणि हात झटकले.

तर 1990 च्या दशकाअखेर वादळांनी वाळू ओढून नेली आणि म्हातारी पुन्हा वर! 2006 मध्ये किनाऱ्यावर फिरणाऱ्या कुणाला तरी तेल दिसलं. टाक्या उघडल्या तर आत जाडजूड इंधनतेल, सुमारे 34 हजार गॅलन! हॉटेल चाललं, फोटो निघाले, दफनसुद्धा झालं. पोटात काय आहे ते चाळीस वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. टाक्या फुटल्या असत्या तर तिथले पक्षी आणि शिंपल्या संपल्याच. 2007 पर्यंत सगळं उपसावं लागलं.

हे मी हिला वाचून दाखवलं. ती माळ्यावरच्या माझ्या ऑफिसच्या तीन ट्रंकांकडे बघत म्हणाली, "त्यांत काय आहे हो?"

मी मीटिंगला निघून गेलो.