फ्लोअर टेस्ट: एका शब्दाचा बेंगळुरू ते मुंबई प्रवास

मागच्या भागानंतर इंदूरच्या एका श्रोत्यांनी विचारलं आहे: "आमचे वडील रोज टीव्हीवरच्या राजकीय चर्चा ऐकतात आणि त्यातले इंग्रजी शब्द वहीत टिपतात. यानं खरंच इंग्रजी येतं का?"

माझं उत्तर असं की येतं, पण शब्दाशेजारी तारीखही टिपली तर. राजकारणातला इंग्रजी शब्द आपल्या घरात डिक्शनरीतून येत नाही, तो एखाद्या घटनेचं बोट धरून येतो. घटना विसरली की शब्द पोकळ होतो, आणि मग जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतो तो त्याचा अर्थ ठरवतो. मी आज एकच शब्द घेतो, फ्लोअर टेस्ट. त्याच्या मागे जे चार-पाच येतील त्यांनाही बसवून घेऊ.

मी राहतो बेळ्ळंदूरला. आमच्या सोसायटीत कन्नड, तेलुगू, मराठी, बिहारी सगळे आहेत. मे २०१८ मध्ये कर्नाटक विधानसभेत कुणालाच बहुमत मिळालं नाही, तेव्हा संध्याकाळच्या फेरफटक्याला या सगळ्यांच्या तोंडी हा एकच शब्द होता. येडियुरप्पांचा शपथविधी १७ मेला झाला. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करायला पंधरा दिवस दिले होते. सर्वोच्च न्यायालयानं ते कमी करून १९ मे, दुपारी चार, अशी वेळ ठरवली. मतदान झालंच नाही, कारण त्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. आमच्या सोसायटीला वाटलं, शब्द कालपरवाचा आहे. पण तो याच शहरातून, विधानसौधातून निघाला होता, जवळजवळ तीस वर्षांपूर्वी.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये रामकृष्ण हेगडे यांच्या जागी एस. आर. बोम्मई मुख्यमंत्री झाले. एप्रिल १९८९ मध्ये मोळकेरी नावाचे आमदार फुटले आणि एकोणीस आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं त्यांनी राज्यपाल वेंकटसुब्बय्या यांना दिली. लगेच त्यातल्या सात जणांनी कळवलं, की आमच्या सह्या फसवून घेतल्या, आम्ही बोम्मईंसोबतच आहोत. अधिवेशन आठवड्यावर आलं होतं. बोम्मई म्हणत होते, हवं तर ते आणखी अलीकडे घ्या, मी सभागृहात बहुमत दाखवतो. राज्यपालांनी ऐकलं नाही. २१ एप्रिलला सरकार बरखास्त झालं आणि राष्ट्रपती राजवट आली.

बोम्मई कोर्टात गेले. उच्च न्यायालयात हरले, तरी सोडलं नाही. ११ मार्च १९९४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं निकाल दिला. त्याचा आपल्या कामाचा गाभा एवढाच, की सरकारकडे बहुमत आहे की नाही, हे राजभवनात कागद मोजून ठरवायचं नाही, सभागृहात माणसं मोजून ठरवायचं. इथला 'फ्लोअर' म्हणजे फरशी नव्हे, भरलेलं सभागृह. आम्हा फौजी माणसांना हे लगेच पटतं. पलटणीत रोज गिनती होते. अमुक जवान हजर आहे, असं पत्र कुणी आणून दिलं म्हणून तो हजर धरला जात नाही.

बोम्मईंना मात्र या निकालानं खुर्ची परत मिळाली नाही. १९८९ च्या अखेरीसच कर्नाटकात निवडणूक होऊन दुसरं सरकार आलं होतं. त्यांच्या हातून गेलेलं पद पुढच्यांना नियम देऊन गेलं.

आता टीव्हीकडे येतो. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारच्या ठरावावरची लोकसभेतली चर्चा दूरदर्शननं थेट दाखवली. ती पाहताना आपण 'विश्वासदर्शक ठराव' म्हणत होतो, वर्तमानपत्रंही तेच छापत होती. १७ एप्रिल १९९९ ला तेच वाजपेयी २६९ विरुद्ध २७० असे एका मतानं हरले, तेव्हाही शब्द हाच. पुढे २००७ पासून मराठीत चोवीस तासांच्या बातम्या सुरू झाल्या, पट्टीवर लांब शब्द मावेनात, आणि फ्लोअर टेस्ट आली. 'बहुमत चाचणी' हा चांगला मराठी शब्द आहे, पण चाचणी म्हटलं की शाळेची घटक चाचणी आठवते, हे मान्य करायला हवं.

महाराष्ट्राला हा शब्द पाठ झाला तो नोव्हेंबर २०१९ मध्ये. २३ तारखेला पहाटे राष्ट्रपती राजवट उठली आणि सकाळी शपथविधी झाला. २६ ला सर्वोच्च न्यायालयानं बोम्मई निकालाच्याच वाटेनं जाऊन सांगितलं, दुसऱ्याच दिवशी चाचणी घ्या, गुप्त मतदान नको, थेट प्रक्षेपण करा आणि कारभार प्रो-टेम अध्यक्षांनी पाहावा. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. इथेही चाचणी झालीच नाही!

'प्रो-टेम' हे 'प्रो टेम्पोर' या लॅटिन शब्दांचं छोटं रूप, अर्थ 'त्या वेळेपुरता'. आपण म्हणतो हंगामी अध्यक्ष. हंगाम हा फारसीतला, आणि त्याचा मूळ अर्थ वेळ. इतकी नेमकी जोडी क्वचितच जुळते. भाषांतर करणाऱ्याला मी सलाम करतो.

२०२२ मध्ये 'व्हिप' घरोघरी पोचला. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीत कुत्र्यांना कळपातून भरकटू न देणारा माणूस असे, त्याला 'व्हिपर-इन' म्हणत. त्यावरून संसदेतला व्हिप आला. आपण त्याला प्रतोद म्हणतो. प्रतोद म्हणजे सारथ्याच्या हातातला चाबूक. तिकडे कुत्रे आणि इकडे रथाचे घोडे, आमदारांनी आपला मान पाहून निवडावं. इंग्रजीत एकच शब्द माणसालाही आणि आदेशालाही चालतो, आणि चर्चेत गोंधळ इथेच होतो. मराठीत माणूस तो प्रतोद, आदेश तो पक्षादेश. शिवसेना फुटली तेव्हा सुनील प्रभू आणि भरत गोगावले, दोघेही प्रतोद म्हणून उभे होते. प्रतोद कोण नेमतो, विधिमंडळ पक्ष की मूळ राजकीय पक्ष, हा खरा प्रश्न होता. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की राजकीय पक्ष नेमतो.

त्याच निकालात 'स्टेटस को अँटे' हा शब्द आला. स्टेटस को म्हणजे जे आहे ते तसंच ठेवणं. अँटे जोडलं की अर्थ बदलतो: जे आधी होतं ते परत आणणं. न्यायालय म्हणालं, राज्यपालांनी चाचणी घ्यायला सांगणं योग्य नव्हतं, पण उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ ला चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला, म्हणून आधीची स्थिती परत आणता येत नाही. बोम्मईंना चाचणी मिळाली नाही, ठाकऱ्यांनी दिली नाही. दोघांच्याही बाबतीत नियम स्पष्ट झाला आणि खुर्ची गेली ती गेलीच.

या दोन शब्दांतला फरक मी फार गंभीरपणे घेतो, कारण आमच्या व्यवसायात त्यावर जमीन अवलंबून असते. जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. त्यानंतर चर्चांमध्ये कुणी स्टेटस को म्हणत होतं, कुणी स्टेटस को अँटे, जणू दोन्ही एकच. समोरचा आत येऊन बसला असेल आणि तुम्ही स्टेटस को मागितलं, तर तो आनंदानं देईल! 'डिसएंगेजमेंट' आणि 'डीएस्केलेशन' यांचंही तसंच. पहिल्यात समोरासमोर भिडलेल्या तुकड्या मागे सरतात. दुसऱ्यात मागे जमवलेलं सैन्य आणि अवजड शस्त्रंही आपापल्या ठाण्यांवर परततात. पहिलं झालं म्हणून दुसरं झालं, असं होत नाही.

इंदूरच्या श्रोत्यांनो, वडिलांची वही चालू ठेवा. शब्द टिपण्याची सवय फौजेत जुनी आहे. मराठी-इंग्रजी कोश करणारा मोल्सवर्थ हा सैनिकी अधिकारीच होता, आणि १८३१ च्या त्याच्या कोशाशिवाय मराठीच्या अभ्यासकाचं आजही पान हलत नाही. वहीत चार रकाने आखा: शब्द, मराठी शब्द, तारीख, आणि त्या दिवशी नेमकं काय झालं. पहिली नोंद मी सांगतो. फ्लोअर टेस्ट, बहुमत चाचणी, ११ मार्च १९९४, बोम्मई. पुढच्या भागात 'रिसॉर्ट' घेऊ. २००२ मध्ये विलासराव देशमुखांचं सरकार अडचणीत आलं, तेव्हा महाराष्ट्रातले आमदार आमच्या बेंगळुरूजवळच येऊन राहिले होते.