चूल, स्टोव्ह आणि गॅस

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की राजे आणि लढाया एवढेच मला ठाऊक. पण स्वयंपाकघरालाही इतिहास आहे, आणि त्याचा थोडा भाग आपण डोळे चोळत पाहिला आहे.

माझी आई चुलीवर रांधी. साध्या चुलीत 100 भाग आच निघाली, तर भांड्याला जेमतेम 10-15 भाग लागते. बाकीची इकडेतिकडे वाया जाते. आपल्या आजी-पणज्यांना हे आकड्यांवाचून कळत होते. म्हणून चुलीला वैल असे. पुढे भाकरी भाजताना मागे वैलावर आमटी शिजे, तीही फुकटात.

1892 साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने वातीवाचूनचा स्टोव्ह केला. पंप मारला की रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत लागे. अशा स्टोव्हवर भांड्याला 40-50 भाग आच मिळते. 1955 साली मुंबईत बर्शेन गॅस आला. गॅसच्या शेगडीवर हाच आकडा 60 च्या वर जातो.

गावोगाव मात्र चूलच राहिली. 1983 साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. धूर नळीवाटे बाहेर जावा आणि मातीच्या चुलीने निदान 20 भाग आच भांड्याला द्यावी, असे ठरले. आमच्याकडेही तशी चूल बसली. वर्षभरात नळी काजळीने तुंबली. दुरुस्तीला कोणी फिरकले नाही. चुलीचे तोंड लहान, आमची लाकडे जाड. शेवटी आईने कोयत्याने तोंड मोठे केले. काटकसर गेली, धूर परत आला. बसवताना तिला कोणी विचारलेच नव्हते! 2002 साली तो कार्यक्रम बंद झाला. आईचा खोकला राहिला.

2016 साली उज्ज्वला योजना निघाली आणि पुढे आईकडे गॅस आला. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात, म्हणून आंघोळीचे पाणी अजून चुलीवरच तापते.

यावरून मी एवढे शिकले की, भांड्याला किती आच लागली हा हिशेब अर्धाच. रांधणारीला काय परवडते आणि तिच्या छातीत किती धूर गेला, हा उरलेला अर्धा.

तोवर आपल्या हातातले करू या. डाळ भिजत घालावी, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आली की आच कमी करावी. उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवला तरी डाळ लवकर शिजत नाही. सिलिंडर मात्र लवकर संपतो.