रत्नागिरीचं उपनगर

रत्नागिरीचं सगळ्यात मोठं उपनगर कुठलं? रत्नागिरीत राहणारा माणूस कुवारबाव म्हणेल, नाहीतर नाचणे, मिरजोळे, शिरगाव. बरोबरच आहे. रेल्वे स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आलं आणि त्या रस्त्याला दुकानं, फ्लॅट, मंगल कार्यालयं वाढत गेली. पण मला विचाराल तर उत्तर वेगळं आहे. आपलं खरं उपनगर तिथून तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरवर आहे: दिवा, नालासोपारा, विरार, भांडुप. हसू नका, आकडे बघा. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी शहर होतं जेमतेम ७६ हजारांचं, आणि वसई-विरार महापालिका १२ लाखांच्या वर. त्या १२ लाखांत रत्नागिरीकर किती ते कोणी वेगळं मोजलेलं नाही, पण गणपतीच्या आदल्या आठवड्यात नालासोपाऱ्यात एसटीच्या जादा गाड्यांच्या पाट्या वाचत फिरा, अंदाज येईल.

हे उपनगर कसं झालं त्याची गोष्ट मुंबईत सुरू होत नाही. ती सुरू होते खोताच्या अंगणात.

रत्नागिरी जिल्हा म्हणताना जुना जिल्हा धरायचा, म्हणजे सिंधुदुर्गासकट. दोन तुकडे १ मे १९८१ला झाले. या जिल्ह्यात जमीन कसणारा बहुतेक कुणबी किंवा महार, आणि त्याच्या डोक्यावर खोत. सरकारसाठी सारा गोळा करायचा हक्क खोताचा, आणि पिकातला वाटा तो घेणार. वरकस जमीन, पाऊस धो धो, पीक एकच. वर्षभराचं भात घरात उरत नसे. मग खंड भरायला आणि सावकाराचं देणं फेडायला रोख पैसा आणायचा कुठून? घरातला एक माणूस बोटीने मुंबईला धाडायचा, दुसरा उपाय नव्हता. म्हणजे गंमत बघा, मुंबईच्या गिरणीतला पगार मनीऑर्डरने गावी यायचा आणि त्यातला काही भाग खोताच्या घरात जायचा. खोती रद्द व्हावी म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, आणि जानेवारी १९३८मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं. तोवर दोन-तीन पिढ्यांची मुंबईची वाट पक्की झाली होती.

किती लोक गेले? १९२१च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती, आणि त्यात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले दोन लाखांहून जास्त. ढोबळमानाने पाचात एक! आज पुण्यात आम्ही आयटीवाले 'बाहेरचे' म्हणून ओळखले जातो, पण पाचात एक हे प्रमाण भन्नाटच आहे.

हे लोक वाट्टेल तिथे राहिले नाहीत. गिरणीत माणूस लावायचा अधिकार जॉबरचा, आणि जॉबर आधी आपल्या गावच्या, नात्यातल्या माणसाला लावणार. आजच्या भाषेत 'रेफरल'. त्यामुळे लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळीच्या चाळींमध्ये गावंच्या गावं उतरली. गावमंडळाची एक खोली असायची. तिच्यात पंधरा-वीस, कधी त्याहून जास्त पुरुष. प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठून गेला की रात्रपाळीचा येऊन त्याच जागी आडवा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशेबावर. खोलीचं भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, आजारी पडला तर मंडळ बघणार, मेला तरी मंडळच बघणार. नोकरी कायम नसलेला तो 'बदली'. रोज सकाळी गिरणीच्या गेटवर उभं राहायचं आणि कोणी गैरहजर असेल तर काम मिळायचं. आमच्याकडे 'बेंच' नावाचा प्रकार असतो त्याला सगळे घाबरतात, पण बेंचवर निदान पगार तरी येतो.

बायका-पोरं गावी. कारण खोली पुरुषांची, आणि शेतही कोणीतरी सांभाळायला हवं. याचा ठसा आकड्यांत शंभर वर्षं टिकला आहे. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, महाराष्ट्रात सर्वात जास्त. यावर काही लोक 'कोकणात मुलींचा किती मान' असं भाषण ठोकतात. मला ते पटत नाही. हा आकडा मुख्यतः गैरहजर पुरुषांचा आहे. नांगरणीपासून खोताच्या माणसाला तोंड देण्यापर्यंत सगळं त्या बायकांनी केलं, आणि गिरणगावावरच्या पुस्तकांत त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत.

गिरणगाव म्हणजे सगळे एक असंही समजू नका. गावातली जात बोटीत बसून बरोबर आली. गिरणीत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय, तर शटलमध्ये नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि 'त्यांचं' उष्टं शटल बाकीचे तोंडाला कसे लावणार! यंत्र इंग्लंडचं, विटाळ आपला. त्यामुळे कोकणातल्या महारांना कमी पगाराच्या खात्यांत काम. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं सकपाळ कुटुंब आधी लोअर परळच्या डबक चाळीत आणि मग परळच्या बीआयटी चाळीत राहिलं, त्याच चाळीत बाबासाहेब १९१२पासून वीसेक वर्षं राहिले. कुणब्यांनी १९२० साली मुंबईतच कुणबी समाजोन्नती संघ काढला. रत्नागिरी-राजापूरचे मुसलमान गोदीत आणि जहाजांवर गेले, पुढे आफ्रिकेत आणि आखातात. ब्राह्मण गिरगावच्या चाळीत, कारकुनीत, आणि तिथून सगळ्यात आधी डोंबिवलीला. म्हणजे 'कोकणी माणूस' नावाची जी एक गोष्ट आपण सहज बोलतो ती मुंबईत पोचल्यावरही वेगवेगळ्या गल्ल्यांतच राहत होती.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. संपाबद्दल इतकं लिहून झालंय की मी त्यात शिरत नाही. माझ्या विषयापुरतं एवढंच, की संप चालू असताना हजारो लोक गावी परत गेले, शेतीवर दिवस काढले, आणि त्यातल्या कित्येकांची नोकरी परत मिळालीच नाही. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनीवर मॉल आणि टॉवर आले. हातात आलेल्या पैशात लालबागला दुसरी खोली येणं शक्य नव्हतं. तोपर्यंत बायका-मुलंही मुंबईत आली होती, मुलांची लग्नं व्हायची होती, दहा बाय बाराच्या खोलीत तीन कुटुंबं. एका भावाने चाळीतली खोली ठेवायची आणि बाकीच्यांनी वाटणीचे पैसे घेऊन गाडीने लांब जायचं, हा ठरलेला तोडगा. पश्चिम रेल्वेवर नालासोपारा-विरार, मध्य रेल्वेवर आधी भांडुप-विक्रोळी, मग डोंबिवली, मग दिवा.

नालासोपाऱ्याचा मला नेहमी अचंबा वाटतो. हे प्राचीन शूर्पारक. अशोकाचा शिलालेख, बौद्ध स्तूप, दूरदेशीचा व्यापार, सगळं इथे. आणि आज हे नाव कशासाठी प्रसिद्ध, तर विरार लोकलमध्ये उतरता न येण्यासाठी. असो.

दिव्याकडे जरा थांबू. दिवा म्हणजे आगरी लोकांची खाडीकाठची गावं: दिवा, साबे, दातिवली, बेतवडे. मीठ, भात, मासळी. १९८२ साली ठाणे महापालिका झाली आणि दिवा तिच्यात गेलं, पण पाणी, रस्ते, गटारं मात्र मागून रांगत आली. शेताच्या तुकड्यावर चार मजली इमारत उभी करायची, ना नकाशा मंजूर ना सात-बारा स्वच्छ, आणि म्हणूनच खोली स्वस्त. ठाण्याचा कचरासुद्धा २०२३पर्यंत इथेच पडायचा. मग कोकणातल्या माणसाने दिवाच का निवडलं? स्वस्ताई हे एक कारण, आणि दुसरं स्टेशनच्या फलकावर आहे. दिवा जंक्शन. पनवेल, रोह्याकडे फुटणारा फाटा इथूनच. कोकण रेल्वे पूर्ण झाली २६ जानेवारी १९९८ला, आणि गावाची गाडी जिथे उभी राहते तिथे गावचा माणूस जमा होत गेला. दिवा-सावंतवाडी गाडी इथूनच सुटते, आणि आधी दादरहून निघणारी रत्नागिरी पॅसेंजर कोविडनंतर दिव्यापुरतीच उरली. शंभर वर्षांपूर्वी गावमंडळाच्या खोलीने माणसाचा पत्ता ठरवला, आता तो टाइमटेबलने ठरवला.

याची किंमत रोज मोजावी लागते. २ जानेवारी २०१५ला लोकल रखडल्या तेव्हा दिव्यात प्रवासी रुळांवर उतरले, दगडफेक झाली, मध्य रेल्वे कोलमडली. जलद लोकल थांबायला लागली डिसेंबर २०१६मध्ये. ९ जून २०२५ला दिवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये दारात लटकणारे प्रवासी गाडीतून पडून मेले. ज्यांच्या आज्यांनी शेतं राखली आणि आजोबांनी सूत काढलं, त्यांची नातवंडं आता रोज जाऊन-येऊन चार तास दारात उभी असतात. गिरणी कामगारांना घरं मिळाली तीही काही जणांना गिरणीच्या जागेवर आणि काहींना २०१६च्या सोडतीत पनवेलजवळ कोनला. आता शेलू-वांगणीचं नाव निघालं, तेव्हा २०२५मध्ये म्हातारे कामगार पुन्हा आझाद मैदानात उतरले. त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ज्या जमिनीवर तुम्ही आयुष्य घातलं तिच्यापासून तुम्हाला किती लांब ढकलायचं याला काही मर्यादा हवी की नाही?

आणि गाव? कोकण रेल्वे आली की पोरं गावात राहतील असं सगळे म्हणायचे. रूळ दोन्ही दिशांना जातात हे बहुधा कोणाच्या लक्षात आलं नाही :) २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजार होती, २०११ला १६ लाख १५ हजार. रेल्वे आल्यानंतरच्या पहिल्याच पूर्ण दशकात ८० हजारांनी घट. पटसंख्येअभावी वाडीतली शाळा बंद होते आणि त्याच वाडीचं मुंबई मंडळ क्रिकेटच्या स्पर्धा भरवतं, नमन आणि शक्ती-तुऱ्याचे प्रयोग लावतं, मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावती पुस्तकं फिरवतं. देवळाला नवीन लाद्या, आणि पालखीला खांदा द्यायला शिमग्याला दिव्याहून माणसं यायची वाट बघायची. गावची सभा कधी घ्यायची हेसुद्धा मुंबईकरांच्या सुट्टीवर ठरतं. निर्णय घेणारे तिकडे, घराची कौलं बदलणारे इकडे, यावरून होणारी भांडणं ज्यांनी ऐकलीत त्यांना वेगळं सांगायला नको.

१९२१चा तो आकडा जन्मस्थानाच्या रकान्यातून आला होता. गावी बाळंतपण व्हायचं, म्हणून पोर कागदोपत्री रत्नागिरीचं. आता दिव्यातल्या पोराचं जन्मस्थान ठाणे, किंवा कळव्याचं हॉस्पिटल. २०२७च्या जनगणनेत प्रगणक दार वाजवेल तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच मोजलं जाईल, भाषा मराठी, बस. त्या रकान्यांत गाव विचारत नाहीत. बिल्डिंगच्या खाली उभी असलेली, ग्रुप बुकिंगची, पुढच्या काचेला वाडीचं नाव चिकटवलेली एसटी मात्र त्याच बिल्डिंगमधून भरते.